न्यूरोलॉजिस्ट नसलेल्या डॉक्टरांसाठी न्यूरोलॉजीचं ट्रेनिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं आम्ही दोन-तीन न्यूरोलॉजिस्ट मिळून तालुक्याच्या गावांत जीपी, मेडिकल ऑफिसर आणि फिजिशियन मंडळींसाठी रविवारी ट्रेनिंग घेतो. दर वेळी चहाच्या सुट्टीत तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र लिहून काढलेत. डोस जिथे दिलेत तिथे पेशंटचं वजन, किडनी, वय बघूनच वापरा, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मी गावात जीपी आहे, न्यूरोलॉजी शिकून मला नक्की काय करायचंय?

पेशंट आधी तुमच्याकडे येतो म्हणून. रात्री दोनला फिट आलेलं पोर घेऊन आईबाप तुमचंच शटर वाजवतात, रानात काम करताना हात गळून पडलेल्या माणसाला जीपमध्ये घालून तुमच्याच दारात आणतात, आणि सहा महिने पायाला मुंग्या येणाऱ्या मावशी दर आठवड्याला तुमच्याकडूनच सुई टोचून घेऊन जातात. न्यूरोलॉजिस्ट व्हायला एमबीबीएसनंतर तीन वर्षं एमडी आणि वर तीन वर्षं डीएम लागतात, अख्ख्या देशात आम्ही काही हजारच आहोत आणि त्यातले बहुतेक मोठ्या शहरांत बसतो. भारतात नुसते एपिलेप्सीचेच, म्हणजे फिटच्या आजाराचेच, पेशंट एक कोटीच्या आसपास धरतात. आमच्या संख्येने हा हिशोब जुळणार नाहीये, पहिला तास आणि नंतरची औषधं चालू ठेवणं हे तुमच्याच हातात राहणार, आणि ते चांगलं झालं तर पेशंटचं आयुष्य खरोखर बदलतं, हे मी ओपीडीत रोज बघतो.

न्यूरो म्हटलं की कॉलेजपासूनच पोटात गोळा येतो. हे माझ्या एकट्याचं आहे का?

अजिबात नाही. या भीतीला नावसुद्धा आहे, न्यूरोफोबिया. राल्फ जोझेफोविच नावाच्या अमेरिकन न्यूरोलॉजिस्टने १९९४ मध्ये हा शब्द वापरला आणि नंतर बऱ्याच देशांतल्या विद्यार्थ्यांना विचारलं तर सगळीकडे तीच गत निघाली. कारण साधं आहे, आपल्याला आधी ट्रॅक्ट आणि न्यूक्लियस, म्हणजे मेंदूतल्या वाटा आणि पेशींचे पुंजके, पाठ करायला लावतात आणि पेशंट खूप उशिरा दाखवतात, तोवर मुलाच्या मनात पक्कं बसलेलं असतं की हे आपलं काम नाही.

मी शिकवताना उलटं चालतो. पहिला प्रश्न, हे किती वेगात झालं? क्षणात झालं तर रक्तवाहिनी किंवा फिट, काही दिवसांत वाढत गेलं तर इन्फेक्शन किंवा इम्यून आजार, महिन्यांमध्ये वाढलं तर गाठ किंवा कुठली तरी कमतरता, वर्षांमध्ये तर झीज. अपवाद असतातच, पण नुसत्या वेगावरून निम्मं काम होतं. मग दुसरा प्रश्न, बिघाड कुठे आहे, मेंदूत, मणक्यात, नसेत, की स्नायूत? एका बाजूचे हात-पाय-तोंड म्हणजे मेंदू. दोन्ही पाय आणि सोबत लघवीचा त्रास म्हणजे मणका आधी आठवा. दोन्ही पायांच्या बोटांपासून मोज्यासारखं वर चढणारं बधिरपण म्हणजे नसा. जिना चढताना, उकिडवं बसून उठताना, केस विंचरताना त्रास पण बधिरपण नाही म्हणजे स्नायू. एवढं डोक्यात ठेवलं की अॅनाटॉमीचं पुस्तक नंतर उघडता येतं.

ओपीडीत सत्तर पेशंट असतात, न्यूरो तपासणीला वेळ कुठून आणू?

पूर्ण तपासणी प्रत्येकाची करायचीच नाहीये. पेशंट दारातून खुर्चीपर्यंत येतो तेवढ्यात अर्धी तपासणी होते, फक्त तेव्हा मान वर करून बघायला हवं, आपण नेमके आधीच्या पेशंटची चिठ्ठी लिहीत असतो. एक हात हलत नाहीये का, पाय घासतोय का, वळताना चार-पाच छोटी पावलं घेतोय का.

मग एक गोष्ट शिकून ठेवा, मी प्रत्येक बॅचला ती एकमेकांवर करायला लावतो. पेशंटला दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगा, तळवे आभाळाकडे, जणू कुणी प्रसादाचं ताट ठेवणार आहे, आणि डोळे मिटून दहापर्यंत मोजा. एक हात हळूच आत वळायला लागला, अंगठा वर येऊन तळवा आतल्या बाजूला फिरला आणि हात खाली घसरला, तर विरुद्ध बाजूच्या मेंदूत काहीतरी आहे असं समजून चाला. ग्रिपची ताकद अगदी नॉर्मल वाटणाऱ्या पेशंटमध्येसुद्धा हे सापडतं. दहा सेकंदांचं काम आहे.

सामान म्हणाल तर लांब दांड्याची चांगली हातोडी घ्या, त्या छोट्या त्रिकोणी हातोडीने रिफ्लेक्स निघत नाहीत आणि मग आपल्याला वाटतं आपलंच चुकतंय. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, टॉर्च, कापूस. तळपायाच्या तपासणीला स्कूटरची बोथट किल्लीसुद्धा चालते. डोळ्याच्या आत बघायचा ऑफ्थॅल्मोस्कोप वापरायची सवय लावून घेतली तर फारच उत्तम, डोकेदुखीच्या पेशंटची डिस्क (डोळ्यातलं नसेचं टोक) सुजलेली दिसली तर तुम्ही एका मिनिटात त्याचा रस्ता बदलता.

असं ट्रेनिंग मिळतं कुठे आणि किती दिवसांचं असतं?

बरेच प्रकार आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मानसिक आजारांच्या संस्थेत इको पद्धतीची ऑनलाइन सेशन्स चालतात. ही पद्धत मुळात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोत हेपॅटायटिस सी साठी सुरू केली, लांबच्या गावातले डॉक्टर व्हिडिओवर आपली केस मांडतात आणि तज्ज्ञांसकट सगळे मिळून तिच्यावर बोलतात. कर्नाटक सरकारने निम्हान्सबरोबर २०२२ मध्ये ब्रेन हेल्थचा कार्यक्रम काढला, त्यात सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांना डोकेदुखी, फिट, स्ट्रोक, डिमेन्शिया एवढंच नीट शिकवायचं ठरवलं. असं काही आपल्या राज्यात प्रत्येक जिल्ह्यात व्हावं असं मला मनापासून वाटतं. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेचं एमएच-गॅप नावाचं गाइड आहे, २०१० पासून, खास स्पेशालिस्ट नसलेल्यांसाठी बनवलेलं. त्यात एपिलेप्सी आणि डिमेन्शियाची प्रकरणं आहेत आणि ते फुकट मिळतं. मेडिकल कॉलेजच्या न्यूरो ओपीडीत ऑब्झर्व्हर म्हणून बसायची परवानगी मागून बघा, पुष्कळ ठिकाणी देतात.

दिवसांपेक्षा पद्धत बघा. हॉटेलच्या एसी हॉलमध्ये दिवसभर स्लाइड्स आणि मध्ये जेवण, एवढंच असेल तर सोमवारी ओपीडीत हाताला काहीच लागत नाही. पेशंट समोर आहे का, हातोडी तुमच्या हातात देतात का, आणि महिन्याभराने तुमच्या स्वतःच्या केसवर कुणी परत बोलतं का, हे विचारून मगच फी भरा.

क्रेडिट पॉइंट मिळतात का?

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने मान्यता दिलेली सीएमई, म्हणजे डॉक्टरांसाठीचं पुढचं शिक्षण, असेल तर मिळतात. रजिस्ट्रेशन रिन्यू करायला पाच वर्षांत ३० पॉइंट लागतात हे माहितीच असेल.

कोर्स केल्यावर बोर्डावर न्यूरोफिजिशियन लिहू शकतो का?

नाही. डीएम किंवा तेवढ्याच मान्यतेची पदवी नसताना स्वतःला त्या विषयाचा स्पेशालिस्ट म्हणवणं आचारसंहितेत बसत नाही. सर्टिफिकेट भिंतीवर लावा, जरूर लावा, पेशंटला बरं वाटतं की आपले डॉक्टर अजून शिकतायत.

फिटच्या पेशंटमध्ये आपल्याकडून सगळ्यात जास्त काय चुकतं?

हिस्टरी. फिट ही तुमच्यासमोर फार कमी वेळा येते, म्हणून ज्याने ती डोळ्यांनी पाहिली तो माणूस सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच बाहेर बाकावर बसलेला असतो किंवा घरी राहिलेला असतो. त्याला फोन लावा. घरच्यांना सांगून ठेवा की पुढच्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढा, कांदा-चप्पल हुंगवत बसू नका, तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. एक चांगला व्हिडिओ कधी कधी ईईजीपेक्षा, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या आलेखापेक्षा, जास्त सांगतो. ईईजी नॉर्मल आला म्हणून एपिलेप्सी नाही असं होत नाही, आणि थोडाफार बिघडलेला आला म्हणून आहे असंही होत नाही.

एक अनुभव सांगतो. अकरावीतली मुलगी, दोन वर्षं कार्बामाझेपिन हे फिटचं औषध चालू, डोस वाढवत नेलेला आणि तरी फिट थांबत नव्हत्या. तिला विचारलं, सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके येऊन चहाचा कप, कंगवा, ब्रश हातातून उडतो का? ती आईकडे बघायला लागली, आई म्हणाली, अहो रोज कप फोडते, आम्ही तिला वेंधळी म्हणून ओरडतो. हा ज्युव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी नावाचा प्रकार, त्यात कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनने झटके उलट वाढू शकतात. औषध बदललं, झोप नीट घ्यायला सांगितली, थांबलं. हा कपाचा प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं आणि तो विचारायला न्यूरोलॉजिस्ट असावं लागत नाही.

वयात आलेल्या मुलींना आणि मूल होऊ शकणाऱ्या बायकांना व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध सहज म्हणून लिहू नका. पोटातल्या बाळाच्या मणक्यात दोष राहण्याचा आणि पुढे त्याच्या बुद्धीवर परिणाम होण्याचा धोका सगळ्या औषधांमध्ये त्याचा जास्त आहे. पण म्हणून गरोदर बाईच्या गोळ्या तडकाफडकी बंदसुद्धा करू नका, त्याने जोराच्या फिट येऊन आई आणि बाळ दोघंही धोक्यात येतात. लग्नाआधीच हा विषय काढा.

आणि लग्नाचं म्हणाल तर, हिंदू विवाह कायद्यात पूर्वी एपिलेप्सी हा लग्नाच्या आड येणारा मुद्दा होता, १९९९ च्या दुरुस्तीत तो काढून टाकला. हे घरच्यांना तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं तर फार फरक पडतो, कारण भीतीपोटी लपवतात, लपवलं की सासरी गोळ्या घेता येत नाहीत, आणि मग लग्नानंतर पहिल्याच महिन्यात फिट येते.

फिट थांबतच नसेल तर दवाखान्यात काय करू?

पाच मिनिटांच्या वर चालली की तिला स्टेटस, म्हणजे आपोआप न थांबणारी फिट, समजून कामाला लागा, आपोआप थांबेल म्हणून वाट बघू नका. शुगर तपासा. शिरेतून लोराझेपाम ०.१ मिग्रॅ प्रति किलो, जास्तीत जास्त ४ मिग्रॅ. शीर सापडत नसेल तर मिडाझोलाम स्नायूत, ४० किलोच्या वर वजन असेल तर १० मिग्रॅ, किंवा नाकात स्प्रे. डायझेपाम स्नायूत देऊ नका, ते तिथून नीट शोषलं जात नाही, अजूनही खूप ठिकाणी ही सुई कंबरेत मारलेली दिसते. याने थांबली नाही तर लेव्हेटिरासेटाम, फॉसफेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट शिरेतून. २०१९ मध्ये या तिघांची समोरासमोर तुलना झाली, तिन्ही सारखीच निघाली, साधारण निम्म्या पेशंटमध्ये फिट थांबली. तेव्हा कपाटात जे आहे ते पूर्ण डोसमध्ये द्या, अर्धी अँपूल देऊन बघू असं नको.

सीटीत गाठ आली, घरचे ब्रेन ट्यूमर म्हणून रडतायत, काय सांगू?

आपल्याकडे तरुण माणसाला नव्याने फिट आली आणि सीटीत एकच छोटी अंगठीसारखी गाठ दिसली तर न्यूरोसिस्टिसर्कोसिस (मेंदूत टेपवर्मच्या अळीची गाठ) किंवा टीबी आधी आठवायचा. सिस्टिसर्कोसिस शाकाहारी माणसालाही होतो, कारण टेपवर्मची अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. घरच्यांना एवढं सांगा की बहुतेक वेळा हे औषधाने बरं होतं, आणि मग रेफर करा.

लकव्याच्या पेशंटला मी काय देऊ? सीटी इथून दीड तासावर आहे.

देण्यापेक्षा न देण्याच्या गोष्टी जास्त आहेत. सीटी होईपर्यंत अॅस्पिरिन नको, कारण तो ब्लॉक आहे की रक्तस्राव हे हात लावून कळत नाही. बीपी १८०-२०० दिसलं म्हणून जिभेखाली निफेडिपिन ही बीपी उतरवणारी गोळी तर अजिबात नको, एकदम बीपी पडलं की मेंदूचा जो भाग अजून तग धरून आहे तो पण जातो. ग्लुकोज टाकायचं नाही, पण शुगर तपासायचीच, ती ४० असेल तर हा लकवाच नसेल आणि ग्लुकोज दिल्यावर माणूस उठून बसेल. मग घरच्यांना एकच प्रश्न नीट विचारा, हे शेवटचे अगदी ठणठणीत कधी होते? झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर झोपायला गेले ती वेळ धरायची. ती वेळ चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा.

गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला साधारण साडेचार तास असतात, मोठी नस बंद असेल तर तारेने गुठळी ओढून काढतात, त्याला सहा तास आणि निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत. मोठ्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला जवळपास १९ लाख न्यूरॉन मरतात असा हिशोब आहे. म्हणून जिथे सीटी आणि इंजेक्शन दोन्ही आहे तिथेच थेट पाठवा आणि निघायच्या आधी तिथे फोन करा. माझ्या जवळच्या नातेवाइकाचे दोन तास एका दवाखान्यात सलाइन लावून बीपी उतरायची वाट बघण्यात गेले, सगळे डॉक्टर प्रेमाने वागले, कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, फक्त कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यांचा उजवा हात आजही चालत नाही. मी या ट्रेनिंगच्या मागे का लागलो ते यातच आलं.

आणि होऊ शकतं, हे हिमाचलने दाखवलंय. तिथे २०१४ च्या सुमारास डोंगरातल्या जिल्हा रुग्णालयांमध्ये, जिथे सीटी होता पण न्यूरोलॉजिस्ट नव्हता, तिथल्या डॉक्टरांना शिकवलं आणि मोबाईलवर फोटो पाठवून मेडिकल कॉलेजच्या न्यूरोलॉजिस्टच्या सल्ल्याने त्यांनी स्वतः इंजेक्शन दिली.

तोंड वाकडं झालेल्या प्रत्येकाला सीटीला पाठवू का?

कपाळ बघा. भुवया वर करायला सांगा. कपाळावर एका बाजूला आठ्याच पडत नाहीत, डोळा मिटत नाही आणि हातापायाला, बोलण्याला काही नाही, तर बहुधा बेल्स पाल्सी, म्हणजे फक्त चेहऱ्याच्या नसेचा लकवा. आठ्या दोन्हीकडे पडतायत आणि फक्त ओठ ओढला गेलाय तर स्ट्रोक समजून पळा. बेल्समध्ये प्रेडनिसोलोन ७२ तासांच्या आत सुरू झालं तर फायदा, शुगरवर लक्ष ठेवा, कानात फोड आहेत का बघा, आणि डोळा जपा, दिवसा ड्रॉप्स आणि रात्री पट्टी. डोळा विसरला जातो आणि बुबुळाला जखम होते.

पुण्यातल्या जीबीएसच्या साथीत जीपी लोकांना काय शिकायला मिळालं?

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात गियाँ-बारेचे (जीबीएसचे, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते) पेशंट एकामागून एक यायला लागले आणि आकडा २०० च्या वर गेला. दूषित पाणी, जुलाब, कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू, हे तेव्हा टीव्हीवर सगळ्यांनी ऐकलं. पण पहिले पेशंट आयसीयूत जायच्या आधी कुठल्यातरी गल्लीतल्या दवाखान्यात, पाय भरून आलेत, अशक्तपणा आलाय, असं सांगत आलेले असणार, कारण हा आजार असाच सुरू होतो, आणि पाय भरून आल्याची तक्रार दिवसात वीस जण करतात.

त्या विसातला एक कसा ओळखायचा ते इथे महत्त्वाचं. आठ-पंधरा दिवसांपूर्वी जुलाब किंवा ताप झालाय, दोन्ही पाय सारखेच जड झालेत, रोजच्या रोज वाढतंय, जिन्याला धरावं लागतंय, अशा माणसाला टेबलावर बसवून गुडघ्यावर आणि घोट्यामागे हातोडी मारा. रिफ्लेक्स निघाले नाहीत तर त्याला घरी पाठवू नका. मग श्वास. दीर्घ श्वास घेऊन एका दमात एक, दोन, तीन मोजायला सांगा, विसाच्या पुढे जात नसेल तर त्याला लगेच व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी हलवा. उताणं झोपवून मान उचलायला सांगा, मान कमजोर असेल तर छातीचा पडदाही कमजोर असायची शक्यता मोठी. ऑक्सिमीटरवर ९८ दिसतंय म्हणून निर्धास्त राहू नका, तो आकडा सगळ्यात शेवटी पडतो. इम्युनोग्लोबुलिन आणि प्लाझ्माच्या उपचारांचं पुढे बघता येईल, ती तुमची जबाबदारी नाही, पण हा दम मोजणं तुमचंच काम.

मण्यारीचा दंश हा न्यूरोलॉजीत कसा काय आला?

कारण तो पेशंट पहाटे पोटात दुखतंय, घसा धरलाय, पापण्या जड झाल्यात असं सांगत येतो, चावल्याची खूण बहुतेक वेळा दिसतच नाही, आणि पावसाळ्यात तो जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला असतो. पापण्या पडतायत, नजर वळत नाहीये, गिळता येत नाहीये आणि शुद्ध पूर्ण आहे, एवढं दिसलं की मण्यार किंवा नाग डोक्यात आलाच पाहिजे. अँटिव्हेनम लवकर, आणि श्वास थांबला तर अंबू बॅगने (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) दाबत दाबत न्या, अशी माणसं हात न सोडल्यामुळे पूर्ण बरी होऊन घरी जातात. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचं काम एका छोट्या गावातून केलं आणि ते जगाने मानलं, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. तालुक्यातल्या डॉक्टरच्या निरीक्षणाला किती मोल आहे याचं आपल्याकडे दुसरं उदाहरण कशाला हवं.

चक्करची गोळी किती दिवस देऊ?

थोडे दिवस, आणि मग बंद. हा माझ्या कळकळीचा विषय आहे. सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन, मायग्रेनसाठी फ्लुनॅरिझिन, आणि अॅसिडिटीच्या गोळीत मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, हे सगळं वयस्कर माणसाने महिनोन्‌महिने घेतलं की हुबेहूब पार्किन्सन होतो. एक आजी माझ्याकडे पार्किन्सनचं लेबल लावून आल्या होत्या, सून दोन्ही हातांनी धरून चालवत होती, पिशवी उलटी केली तर तळाशी गॅसची कॅप्सूल, दीड वर्षं, सकाळी उपाशीपोटी. ती फक्त बंद केली. चार महिन्यांनी आजी एकट्या चालत आल्या आणि पिशवी स्वतः उचलून. म्हणून कुणाला पार्किन्सन म्हणण्याआधी पिशवी टेबलावर रिकामी करून प्रत्येक पट्टीचं मागचं बारीक अक्षर वाचा.

आणि कूस बदलताना, वर बघताना काही सेकंद गरगरत असेल तर ते कानातले खडे हलल्याने होतं. डिक्स-हॉलपाइक ही तपासणी करून बघा, मग डोकं वळवून खडे जागेवर आणणारा एप्ली मॅन्युव्हर, पाच मिनिटांत पेशंट उठून हसतो. हे हाताने शिकण्याचं काम आहे, व्हिडिओ बघून अर्धंच जमतं.

मुंग्या आल्या की मेथिलकोबालमिनचा कोर्स देतो, चूक आहे का?

मेथिलकोबालमिन म्हणजे बी१२, आणि त्याची कमतरता आपल्याकडे खरंच आहे, पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या टीमने गावांतल्या गरोदर बायका तपासल्या तेव्हा निम्म्याहून जास्त जणींमध्ये ती कमी निघाली. मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी. म्हणून देणं चूक नाही, न तपासता देत राहणं चूक आहे. तोंड धुताना बेसिनपाशी डोळे मिटले की तोल जातो का, अंधारात चालता येत नाही का, हे विचारा, घोट्यावर ट्यूनिंग फोर्क लावा. आणि कोपरामागची नस बोटांनी चाचपा. ती दोरीसारखी जाड लागली आणि त्वचेवर बधिर चट्टा असेल तर तो कुष्ठरोग आहे, त्याचं औषध सरकारकडून फुकट मिळतं, आणि इंजेक्शनांमध्ये वर्ष घालवलं तर बोटं वाकडी होतात.

बीएएमएस डॉक्टर, नर्स, आशाताई यांना यात जागा आहे का?

आहेच. १०८ च्या गाडीत पेशंटजवळ बसलेला डॉक्टर बहुतेक वेळा बीएएमएस असतो आणि लकव्याची ती वेळ विचारणारा तोच पहिला माणूस. औषध कुणी लिहायचं ते कायद्याप्रमाणे, पण ओळखणं, कुशीवर वळवणं, फोन करणं आणि गोळ्या संपायच्या आत पेशंटला परत बोलावणं हे सगळ्यांनी शिकायला हवं. आशाताईंना माहिती असतं कोणाच्या घरात फिटचं पोर लपवून ठेवलंय.

न्यूरोलॉजिस्टला फोन करायला संकोच वाटतो, काय बोलायचं?

संकोच करू नका. "सर, न्यूरोचा पेशंट आहे, पाठवतो" असा फोन आला की मला काहीच कळत नाही, तेवढं टाळा. वय, पेशंट एरवी उजव्या हाताने काम करतो की डाव्या, काय झालं, किती वेगात झालं, आत्ता शुद्ध आणि श्वास कसा, तुम्ही काय तपासलंत आणि काय दिलंत. असं बघा : "५८ वर्षं, एरवी उजव्या हाताने काम करणारे, दुपारी १२.२० ला जेवताना उजवी बाजू गेली, बोलता येत नाही, १२ ला सुनेशी नीट बोलले होते, शुगर १६०, बीपी १७६/१००, रक्त पातळ करायची गोळी चालू नाही, अॅस्पिरिन दिलेलं नाही, १.०५ ला गाडी निघाली, मुलगा सोबत आहे, त्याचा नंबर पाठवलाय." एवढा मेसेज आला की मी सीटीवाल्याला टेबल रिकामं ठेवायला सांगतो आणि गेटवर ट्रॉली घेऊन माणूस उभा करतो.